शिंपल्याचा चिवटपणा आणि ३००० पटींचा घोळ

शिंपल्याच्या आतला मोतिया थर वजनाने जवळपास ९५ टक्के खनिजच. संगमरवरात असते तेच कॅल्शियम कार्बोनेट, फक्त अ‍ॅरागोनाइटच्या रूपात. उरलेले प्रथिने आणि कायटिन (कीटकांच्या कवचातही असते तो सेंद्रिय पदार्थ). साधारण अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या चकत्या विटांसारख्या, सांध्यावर सांधा न येऊ देता रचलेल्या. इथे तडा सरळ धावत नाही. चकतीच्या कडेने वळतो, पायरी उतरतो, चकत्या किंचित सरकतात, मधला सेंद्रिय थर ताणला जातो. या सगळ्यात तड्याची ऊर्जा खर्ची पडते.

तडा वाढायला ऊर्जा लागते, हे १९२० मध्ये काचेवरच्या प्रयोगांतून मांडले गेले होते. शिंपल्याची बारकाईने मोजमापे मात्र १९७० च्या दशकापासूनची. पुढे 'शिंपला मूळ खनिजाच्या ३००० पट चिवट' हे वाक्य सगळीकडे पसरले, आणि खरा गोंधळ तिथेच आहे. हा आकडा तुकडा मोडताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा. तड्याच्या टोकाशी पदार्थ किती ताण पेलतो, या दुसऱ्या मापाने वाढ दहापटीच्या घरात येते. ऊर्जा त्या ताण-मापाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पहिला आकडा फुगलेला दिसतो. दोन्ही मापे खरी. पण रचनाकाराला भाग किती भाराला फुटेल हे ठरवायचे असते, आणि तिथे दुसरे माप लागते. त्यात बातम्यांमध्ये कठीण (ओरखडा न पडणारे), बळकट (भार पेलणारे) आणि चिवट (तडा रोखणारे) या तिन्हींसाठी सरसकट 'मजबूत' लिहिले जाते. काच कठीण असते, चिवट नसते. हा फरक पुसला की शिंपल्याची नक्कल करू पाहणाऱ्या संशोधनाचा मुद्दाच हरवतो.

या नकलेचे टप्पे असे. १९९० मध्ये सिलिकॉन कार्बाइड या कठीण सिरॅमिकच्या (भट्टीत भाजून बनणाऱ्या पदार्थाच्या) पातळ पत्र्यांमध्ये ग्राफाइटचे थर घालून तडा वळवून दाखवला गेला. मोठी उडी २००६ ची: पाण्यात कालवलेली सिरॅमिकची भुकटी एका बाजूने गोठवायची. बर्फाचे पापुद्रे वाढताना कण मधल्या फटींत ढकलतात. बर्फ उडवून सांगाडा भट्टीत भाजला की थर तयार. २००८ मध्ये अशा सांगाड्यांतून अ‍ॅल्युमिना (एक सिरॅमिक) आणि अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकचे कंपोझिट, म्हणजे मिश्र पदार्थ, बनले. घटकांच्या ३०० पट चिवट, तेही ऊर्जेच्याच मापात. २०१२ मध्ये मॅंटिस श्रिंप या समुद्री प्राण्याच्या सोट्यासारख्या अवयवातली, जिन्यासारखी वळत जाणारी तंतूंची रचना पुढे आली. २०१४ मध्ये तर प्लॅस्टिक वगळून, निव्वळ खनिजांचा शिंपल्यासारखा सिरॅमिक झाला.

गोठवण्याच्या पद्धतीने तुकडे मात्र अजून लहानच निघतात. थंड टोकापासून लांब जाताना बर्फाची वाढ मंदावते आणि थर जाड होत जातात.