दिवे लावले की घुरघुरणारा अल्टरनेटर

"इंजिन चालू ठेव आणि बॅटरीची वायर काढ. गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला." गेल्या रविवारी माझ्या प्रीमियर पद्मिनीच्या उघड्या बॉनेटपाशी हा सल्ला पुन्हा ऐकला. कृपा करून हे कुणी करू नका. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाने फिरून गाडीला वीज देणारं आणि बॅटरी भरणारं यंत्र; ही सवय त्याच्या आधीच्या डायनॅमोच्या जमान्यातली आहे. अल्टरनेटरचं व्होल्टेज बॅटरीमुळे ताब्यात राहतं. चालू इंजिनावर ती तोडली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) जळू शकतात.

माझ्या गाडीचं दुखणं असं : हेडलाइट लावले की घुर्रर्र आवाज, आणि बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास हवेत तिथे जेमतेम १२.८. बेअरिंग गेलं, असं सगळ्यांचं म्हणणं. इंजिन बंद करून बेल्ट उतरवला, पुली हाताने फिरवली. लोण्यासारखी फिरली. शिवाय दिवे विझवले की आवाज विरत होता. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर बदलतो, दिव्यांनी त्याला फारसा फरक पडत नाही.

मग घुरघुरतं कोण? इथे खरी मजा आहे. अल्टरनेटर आतून एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज तयार करतो. फिरणारा रोटर म्हणजे विद्युतचुंबक, बहुतेक गाड्यांत १२ ध्रुवांचा, म्हणजे उत्तर-दक्षिण अशा ६ जोड्यांचा. भोवतीच्या स्टेटरमध्ये वेटोळ्यांचे तीन संच. एकाची लाट उतरते तोवर दुसऱ्याची चढते. सहा डायोड या लाटांची शिखरं तेवढी एका दिशेने बाहेर सोडतात, त्यामुळे मिळणारी डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, जवळजवळ सपाट असते. सिलिकॉन डायोड आले म्हणूनच १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटसारख्या गाडीत अल्टरनेटर बसू शकला.

आता हिशेब करू. अल्टरनेटर मिनिटाला ३००० फेरे घेतोय, म्हणजे सेकंदाला ५०. गुणिले ६ जोड्या, ३०० लाटा. प्रत्येक लाटेमागे ६ शिखरं (तीन संच, प्रत्येकाचं वरचं आणि खालचं), म्हणजे सेकंदाला १८०० : बारीक, उंच शीळ, इंजिनाच्या गोंगाटात बुडून जाणारी. प्रत्येक डायोडच्या वाट्याला सहापैकी दोन शिखरं येतात. एक डायोड तुटला की तिथे खड्डा पडतो, सेकंदाला ३०० वेळा. वीज जितकी खेचावी तितका रोटरला अडथळा होतो, लेंझचा नियम शाळेत शिकलो तोच. अडथळा सलग असेल तर रोटर शांत फिरतो. खड्डे पडले की त्याला ३०० वेळा हिसका बसतो, लोखंड थरथरतं आणि शिळेऐवजी जाड घुरघुर येते. दिवे लावले की वीज जास्त, हिसका मोठा. आवाज आणि कमी चार्जिंग, दोन्हींचं मूळ एकच!

डीसीत किती एसी उरलीय ते पाहायला मल्टिमीटर एसीवर लावून बॅटरीच्या टोकांवर धरला. निरोगी अल्टरनेटरला अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवं, इथे १.१ आलं. एकाने लायटरच्या खोबणीत लावायचं 'चार्जिंग बूस्टर' सुचवलं. तसलं एक मी पूर्वी फोडून पाहिलंय : आत एक एलईडी, एक कपॅसिटर, बाकी पोकळ डबी. मेलेला डायोड त्याने जिवंत होत नाही, पैसे वाचवा.

बॅटरी सोडवून अल्टरनेटर उतरवला, स्टेटरच्या तारांचे सोल्डरचे डाग सोडवून एकेक डायोड तपासला. पाच एकाच दिशेने बोलले. सहावा दोन्हीकडून मुका, आणि त्याच्या मुळाशी डाग वितळून काळा पडलेला. डायोडची प्लेट बदलली. हेडलाइट लावून १४.१.