वय विचारले, ओळख घेतली

ब्रिटनच्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टमधील वय-पडताळणीच्या तरतुदी 25 जुलै 2025 रोजी लागू झाल्या आणि ‘माझे वय 18 पूर्ण आहे’ या चौकटीवर टिचकी मारून अश्लील संकेतस्थळात शिरण्याची सोय तेथे संपली. ओळखपत्राचा फोटो, क्रेडिट कार्ड, बँकेची खातरजमा किंवा कॅमेऱ्यात दिसणाऱ्या चेहऱ्यावरून बांधलेला वयाचा अंदाज, यांसारखे काहीतरी आता मागावेच लागते. न मागणाऱ्याला ऑफकॉम ही नियामक संस्था 1.8 कोटी पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या 10 टक्के, यांतील मोठी असेल त्या रकमेपर्यंत दंड करू शकते. त्यानंतर काही दिवसांतच तेथील ॲप स्टोअरच्या यादीत व्हीपीएन, म्हणजे आपण कोणत्या देशातून आलो हे लपवणारी ॲप्स अगदी वरच्या क्रमांकांवर जाऊन बसली.

याचे कारण इंटरनेटच्या घडणीत आहे. आपल्या फोनमधून निघणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता असतो, कारण तो नसेल तर उत्तर परत येणार कुठे? हे पत्ते सेवा पुरवठादारांना गठ्ठ्यांनी वाटलेले असतात, त्यामुळे कोणता पत्ता कोणत्या देशातला हे तक्त्यांवरून बहुतेक वेळा कळते. संकेतस्थळ हा तक्ता आधी पाहते, तुम्हाला कोणता कायदा लागू आहे ते ठरवते आणि मगच वय विचारते. व्हीपीएन हे पुडके कूटबद्ध करून दुसऱ्या पुडक्याच्या पोटात घालते आणि दुसऱ्या देशातील आपल्या सर्व्हरकडे पाठवते. तो सर्व्हर वरचे वेष्टन काढून आतले पुडके स्वतःच्या पत्त्याने पुढे धाडतो. संकेतस्थळाला लंडनऐवजी ॲमस्टरडॅम दिसते आणि वयाचा प्रश्न निघतच नाही. व्हीपीएनवर बंदी घालणेही सोपे नाही, कारण घरून काम करणारे कर्मचारी कार्यालयाच्या जाळ्यात शिरतात ते अशाच बोगद्यातून.

मात्र ‘संपूर्ण गोपनीयता’ ही जाहिरातींतली भाषा फसवी आहे. तुम्ही कुठे जाता हे पूर्वी सेवा पुरवठादाराला दिसत असे, ते आता व्हीपीएन चालवणाऱ्या कंपनीला दिसते; तिचे ॲप फुकट असेल तर तिचा खर्च कशातून निघतो, हे विचारलेले बरे. शिवाय तुम्ही एखाद्या खात्यात लॉग-इन केलेले असेल तर पत्ता बदलूनही तेथे तुम्ही तुम्हीच राहता.

वय-पडताळणीवरचा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो आकड्यांत मांडता येतो. ‘18 पूर्ण झाली का?’ याचे उत्तर हो किंवा नाही, म्हणजे एक बिट; असा प्रत्येक बिट उरलेल्या शक्यता निम्म्या करतो. जगातील सुमारे 8 अब्ज माणसांतून एक नेमका माणूस निवडायला 33 बिट्स पुरतात, कारण 2 चा तेहतिसावा घात 8.5 अब्जांहून मोठा भरतो. जन्मतारीख सांगितली की शंभर वर्षांतील सुमारे 36,500 दिवसांपैकी एक दिवस उघड होतो. म्हणजे विचारला एक बिट आणि दिले जवळजवळ 15. अमेरिकेतील जनगणनेच्या आधारे संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी 2000 साली दाखवले, की टपाल विभागाचा क्रमांक, लिंग आणि जन्मतारीख एवढ्यावरून तेथील सुमारे 87 टक्के लोक एकमेवपणे ओळखू येण्याची शक्यता आहे. ओळखपत्राच्या फोटोत तर याहून कितीतरी जास्त असते आणि साठवलेले फोटो फुटतातही. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितले, की ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे 70,000 वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. वयाविषयीच्या तक्रारींसाठी ते घेतलेले होते.

एकच बिट देण्याची युक्ती मात्र जुनी आहे. कूटशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी 1982 मध्ये ती आतून कार्बन लावलेल्या पाकिटाच्या दृष्टान्ताने समजावली. समजा, तुमचे वय आधीच ठाऊक असलेली एक बँक आहे. तुम्ही चिठ्ठीवर एक यादृच्छिक आकडा लिहून ती या पाकिटात घालता. बँक पाकीट न उघडता वरून ‘18 पूर्ण’ असा शिक्का मारते आणि कार्बनमुळे तो आतल्या चिठ्ठीवर उमटतो. पाकीट फाडून तुम्ही चिठ्ठी संकेतस्थळाला देता. त्याला शिक्का ओळखता येतो, पण नाव कळत नाही. बँकेने आकडा पाहिलेलाच नसतो, त्यामुळे पुढे दोघांनी वह्या जुळवल्या तरी ती चिठ्ठी कोणाची ते त्यांना सापडत नाही. प्रत्यक्षात पाकिटाचे काम गणित करते: आकडा एका गुप्त गुणकाने झाकायचा, त्यावर अंकीय सही घ्यायची आणि गुणक पुन्हा काढून टाकायचा. युरोपीय आयोगाने जुलै 2025 मध्ये वय-पडताळणीच्या ॲपचा जो नमुना जाहीर केला, त्याचा उद्देशही ‘18 पूर्ण’ एवढेच सांगण्याचा आहे.

यात एक फट उरते. चिठ्ठीवर नाव नसल्यामुळे एखादा सज्ञान भाऊ अशा पन्नास चिठ्ठ्या घेऊन धाकट्याच्या वर्गात वाटू शकतो. ते थांबवायचे तर चिठ्ठी फोनमधील सुरक्षा-चिपला बांधावी लागते, आणि मग कोणाचा फोन ग्राह्य धरायचा हे फोन बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांच्या हाती जाते.