गाय आटवायच्या आधी पाठीवर हात फिरवा

"नववा महिना लागलाय, गाय जरा जास्तच अंगानं भरलीय. पेंड बंद करू का?"

सांगली जिल्ह्यातल्या पलूस, तासगाव, कडेगाव भागातल्या आमच्या पेंडीच्या दुकानाच्या ग्राहकांचे सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात. उत्तर दर वेळी तेच असतं: बंद करू नका. पण हे सांगताना आम्हालाही वाईट वाटतं, कारण हाच फोन तीन महिने आधी आला असता तर खूप काही करता आलं असतं.

व्यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत गाय आपसूकच कमी खाते. त्यात आपण हात आखडला की तिच्या अंगावरची चरबी विरघळते आणि यकृतात जाऊन बसते. अंगानं भरलेली गाय अशा वेळी आणखीच कमी खाते. मग व्याल्यावर वार अडकते, किटोसिस (अंगातली चरबी फार विरघळल्यानं होणारा आजार) होतो, तोंडाला गोडसर वास येतो, गाय पेंडीकडे बघत नाही. दूध चढायच्या दिवसांतच तुटतं आणि पुढं माजही लांबतो. आटलेल्या, म्हणजे व्यायच्या आधी धार बंद केलेल्या, गाईला बारीक करायला जाऊ नये, ते याचसाठी.

अंग कमी-जास्त करायची वेळ गाय दुधात असतानाची. भरवल्यापासून (रेतन केल्यापासून) सहा महिने झाले की बघा. सात महिन्यांनी आटवायची म्हटलं तर हातात एक महिना राहतो. अंगानं भरलेल्या गाईची पेंड तेव्हा दुधाच्या मापात आणायची, रोडकीला तेव्हाच थोडी वाढवायची.

बघायचं कुठं? पोटाकडे नाही. उसाचं वाढं खाऊन आलेल्या रोड गाईचं पोटही ढोलासारखं दिसतं. गाईच्या अंगाला १ ते ५ असे गुण देतात, पाव-पाव गुणाच्या मापानं; रोड गाईला कमी, भरलेलीला जास्त. गाय सपाट जागी उभी करा. कमरेच्या आडव्या हाडांच्या टोकांवर बोटं ठेवा, मग शेपटीच्या बुडाशी दाबून बघा. बाजूनं बघितल्यावर खुब्याच्या हाडापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंतचा खळगा 'व्ही'सारखा टोकदार दिसला तर गुण ३ किंवा त्याहून कमी. 'यू'सारखा गोल दिसला तर ३.२५ किंवा जास्त. शेपटीच्या बुडाशी चरबीची गादी लागली आणि खळगाच उरला नाही, तर ४ च्या पुढं. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय आटवताना आणि व्याताना ३ ते ३.५ मध्ये असावी. व्याल्यावर थोडी उतरणारच, कारण दूध आधी चढतं आणि खाणं मागून वाढतं. पण अर्ध्या गुणापेक्षा जास्त उतरली तर कळवा. मोठ्या गाईत एक गुण म्हणजे साधारण ५० किलो.

काही जण व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून गुण विचारतात. आम्ही फोटोवरून गुण देत नाही, याचा राग धरू नका. लांब केसांखाली किंवा भरल्या पोटाच्या फोटोत अर्ध्या गुणाची चूक सहज होते, आणि तेवढ्यावर पेंडीचं माप फिरतं. एकाच माणसानं दर वेळी हात लावला तर फरक खरा कळतो, म्हणून आमचा माणूस आटवायच्या आधी, व्याल्याच्या आठवड्यात आणि ४० दिवसांनी असा तीनदा येतो. गोठ्यातल्या कार्डावर गुण लिहून जातो. आमच्याकडून पेंड आणि खनिज मिश्रण नेणाऱ्यांना याचे पैसे लागत नाहीत, इतरांकडून फक्त पेट्रोलचे घेतो. अंगानं भरलेल्या गाईला पेंडीचं पोतं कमी लागेल असंही तो सांगेल. तेवढी विक्री बुडाली तरी चालेल, गाय उभी राहिली पाहिजे.

वाढ्यावरच गोठा असेल तर एक लक्षात ठेवा. वाढ्यातल्या ऑक्सॅलेट नावाच्या घटकामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. त्यात मुरघास किंवा कडबा मिसळा, आणि आटलेल्या गाईसाठी कोणतं खनिज मिश्रण न्यायचं ते दुकानात विचारून न्या. दुधाच्या गाईचं वेगळं असतं.

फोन करताना भरवल्याची तारीख, मागच्या वेताचं जास्तीत जास्त दूध आणि सध्या काय घालता एवढं सांगा. माणूस सकाळच्या धारेनंतर येतो, तोवर गाय मोकळी सोडू नका.