घड्याळ काढताना थबकलेला हात

‘घड्याळ काढा, आकडे लिहा आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावा.’ स्मृतिभ्रंशाची शंका आली की ही साधी चाचणी आजही घेतली जाते. अकरा-दहाच का? मिनिटकाटा २ वर हवा, पण ‘दहा’ ऐकताच हात १० कडे ओढला जातो. ती ओढ आवरताना मेंदूचा कस लागतो.

कागदावर मात्र शेवटी तयार घड्याळच उरतं. डिजिटल पेन ते काढतानाची प्रत्येक हालचाल टिपतं. दोन घड्याळं हुबेहूब सारखी असतील, पण एकाचा हात सलग चालला आणि दुसरा काटे काढण्याआधी बराच वेळ थबकला, हे त्यातून कळतं. मला ते थबकणं गुणांपेक्षा मोलाचं वाटतं.

कारण अल्झायमरमध्ये लक्षणं दिसण्याच्या १५-२० वर्षं आधीपासून मेंदूत अमायलॉइड प्रथिन साचू लागतं. पुढे टाऊ प्रथिनाच्या गाठी होतात. तरी मेंदू बराच काळ निभावून नेतो. उत्तर बरोबर येतं, फक्त जास्त कष्टाने. १९७५ पासून वापरात असलेल्या ३० गुणांच्या प्रश्नावलीत शिकलेली माणसं म्हणूनच सुरुवातीला सहज निसटतात.

टॅबलेटवरच्या एका चाचणीत कोणत्या चौकटीत कोणती आकृती होती, ते आठवायचं असतं. वस्तू आणि जागा यांची सांगड घालणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस व त्याच्या शेजारचा भाग या आजारात लवकर पोखरला जातो.

पण कमी गुण म्हणजे निदान नव्हे, हे घरच्यांनी मनावर कोरून ठेवावं. अधू नजर, कापणारा हात, स्क्रीनची सवय नसणं, नैराश्य, अपुरी झोप, कशानेही गुण घसरतात. बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड निघाला तर त्यावर उपचारही आहेत. अल्झायमरच्या खात्रीसाठी रक्तातलं टाऊ, मेंदूचा पेट (PET) स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी तपासावं लागतं. अल्झायमरवरच्या औषधांपैकी अमेरिकेत २०२३ मध्ये लेकॅनेमॅबला आणि २०२४ मध्ये डोनानेमॅबला पूर्ण मान्यता मिळाली. ही औषधं आजार बरा करत नाहीत, ऱ्हास थोडा मंदावतात, तोही सुरुवातीच्या टप्प्यातच. शिवाय मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

माणसाची तुलना त्याच्याच जुन्या नोंदींशी व्हावी, असं मला वाटतं. तीच चाचणी पुन्हा दिली की निरोगी माणसाचे गुण सरावाने थोडे वाढतात. ते वाढले नाहीत, तर गुण चांगले असूनही डॉक्टरांनी त्याकडे नीट लक्ष द्यावं.