सुनेची किंवा जावयाची अमेरिकन वंशावळ आमच्याकडे देण्याआधी

आमच्याकडे येणारे निम्मे ग्राहक मराठी आहेत. मुलगा किंवा मुलगी इकडे स्थायिक झालेली, सून नाहीतर जावई इथल्या जुन्या शेतकरी घराण्यातला. आपल्या बाजूचा छापील कुलवृत्तांत कपाटात असतो, आणि नातवंडांसाठी तिकडची बाजूही तशीच मांडून हवी असते. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "मेफ्लॉवरपर्यंत जाईल ना?" दुसराही ठरलेला: "सगळं नेटवर आहे, मग तुम्ही पैसे कशाचे घेता?" दोन्हींचं उत्तर एकदाच लिहून ठेवतो.

मेफ्लॉवरचं आधी. मेफ्लॉवर म्हणजे इंग्लंडहून इथं वसाहत करायला आलेल्या लोकांचं जहाज. १६२० साली त्यावर १०२ प्रवासी होते आणि त्यातले जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेल्यांचा वंश पुष्कळ पसरला, त्यामुळे तुमचा जावई त्यातला असणं अशक्य नाही. पण "आहेच" असं धरून आम्ही काम घेत नाही. आडनाव जुळतंय म्हणून प्रवाशापासून खाली जावयापर्यंत यायचं, या दिशेनं शोध घेतला की हवं ते सापडतंच. आम्ही जावयापासून वर जातो, एकेक पिढी कागदानं बांधत. वाट मेफ्लॉवरला गेली तर उत्तम. कनेक्टिकटच्या एखाद्या दगडाळ शेतावर थांबली तर तिथं थांबतो.

आता ज्या गोष्टीत आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ती. ग्राहक नेटवरून तयार झाड उतरवून पाठवतात. दहा-बारा पिढ्या, सोबत एखाद्याचं ढालचिन्ह, आणि निरोप: "फक्त तपासून छान छापून द्या." या झाडांत १८५० पासून खालचा भाग बहुधा बरोबर असतो. अगदी वरचा भागही बरोबर असतो, कारण तो कुठल्यातरी जुन्या छापील ग्रंथातून आलेला असतो. खोट असते ती मधल्या सांध्यात. व्हरमाँटचा एक जॉन आणि मॅसॅच्युसेट्सचा एक जॉन, नाव एक, वय साधारण एक, म्हणून कुणीतरी दोघांना एकच माणूस केलेलं असतं. तिथून पुढे ती चूक शेकडो झाडांवर उतरवली जाते, आणि मग ग्राहक म्हणतात, "अहो, इतक्या ठिकाणी हेच दिलंय!" इतक्या ठिकाणी दिलंय कारण एकाचं बघून दुसऱ्यानं उतरवलंय. असं झाड आधी उसवावं लागतं, मग शिवावं लागतं. कोऱ्या कागदावर सुरुवात करणं याहून स्वस्त पडतं. तुमच्यासाठीही.

मराठी माणूस या चुकीत जास्त सापडतो, असं आमचं निरीक्षण आहे. आपल्या पूर्ण नावात वडिलांचं नाव असतं, त्यामुळे नाव जुळलं की माणूस जुळला असं आपण सहज धरतो. इथल्या जुन्या नावांत ती सोय नाही. त्यात एकाच गावात चुलत भावांना एकाच आजोबांचं नाव, आणि मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव. कागदावर 'सीनियर' आणि 'ज्युनियर' दिसलं तरी ते बाप-लेक असतीलच असं नाही. त्या काळी गावातल्या एकाच नावाच्या दोघांत थोरला कोण आणि धाकटा कोण एवढंच त्यातून कळायचं. काका-पुतण्या निघतात, कधी नात्यातलेही निघत नाहीत.

सांधा नेमका तिथंच का निखळतो, ते जनगणनेवरून कळेल. अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. पण १८४० पर्यंत त्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. बाकी घर म्हणजे वयोगटांचे रकाने: वीस ते तीस वयाचे पुरुष दोन, दहा ते पंधरा वयाची मुलगी एक. त्या दोन पुरुषांत एक मुलगा आणि एक जावई असेल, किंवा भाऊ असेल, किंवा सुगीपुरता ठेवलेला गडी. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव १८५० साली पहिल्यांदा आलं, आणि प्रमुखाशी नातं काय हे लिहायला १८८० उजाडलं. १८९० ची जनगणना १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीमुळे जवळजवळ सगळीच गेली, त्यामुळे ती का नाही असं विचारू नका.

नमुना म्हणून आम्ही लिंकन यांचं घराणं दाखवतो, कारण कागद सर्वांना खुले आहेत आणि घराणं पिढ्यान्‌पिढ्या जमिनीच्या मागे सरकत गेलेलं आहे. डिसेंबर १८५९ मध्ये अब्राहम लिंकन यांनी जेसी फेल या स्नेह्याला स्वतःची थोडक्यात माहिती लिहून पाठवली. त्यात ते म्हणतात की आपल्या घराण्याचं न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या बाजूच्या, लिंकनांशी नातं जुळवायचा प्रयत्न झाला, पण हाती लागलं ते दोन्हीकडच्या नावांतलं साम्य, म्हणजे ईनॉक, लेव्ही, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम, एवढंच. आणि तिथं ते थांबले. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर असताना जुन्या घराण्याशी नातं सांगितलं असतं तर कुणी हात धरला नसता.

गंमत अशी की नातं खरंच होतं. पण ते नंतरच्या अभ्यासकांनी कागदांवरून बांधलं, नावांवरून नाही. पेनसिल्व्हेनियात १७३६ साली वारलेल्या मॉर्डेकाय लिंकनच्या मृत्युपत्रात मुलगा जॉन याला न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन दिलेली आहे. १७४८ मध्ये त्या जमिनीच्या खरेदीखतात जॉन स्वतःला मॉर्डेकायचा मुलगा आणि वारस म्हणवतो. एक एवढा सांधा बसला की दोन वसाहती जोडल्या जातात. हाच जॉन पुढे व्हर्जिनियात गेला. त्याचा मुलगा अब्राहम केंटकीत गेला आणि १७८६ मध्ये शेतात काम करताना मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारला गेला. तेव्हाच्या कायद्यानं जमीन थोरल्या मुलाकडे गेली, त्याचंही नाव मॉर्डेकाय. धाकट्या थॉमसच्या वाट्याला मजुरी आली. हा थॉमस म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे वडील. दुसऱ्या टोकाला हे घराणं १६३७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगमला आलेल्या सॅम्युएल लिंकनपाशी पोचतं. मधल्या पिढ्यांत मॉर्डेकाय नावाचे निदान चार जण आहेत. नुसत्या नावावर जाणाऱ्यानं इथं काय गोंधळ घातला असता, कल्पना करा.

याच घराण्यातली आणखी एक गोष्ट ग्राहकांना आवर्जून सांगतो. लिंकन यांच्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद हार्डिन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), म्हणजे ते राहत होते तिथं, मिळेना. लोकांनी लग्न झालंच नव्हतं इथपर्यंत वावड्या उठवल्या. नोंद होती शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, १२ जून १८०६ ची. ती पुढे आली तोवर लिंकन हयात नव्हते. म्हणून आमच्या अंदाजपत्रकात आसपासच्या काउंट्यांचे तास धरलेले दिसतील. ते तास वाढवून बिल फुगवत नाही आम्ही.

शेतकरी घराण्यात आमचा भर जमिनीवर असतो, आणि सातबारा-फेरफार वाचलेल्या माणसाला हे चटकन कळतं: माणूस कागदावर आला नाही तरी जमीन येते. खरेदीखतात बायकोची संमती असते, कारण नवऱ्याच्या मागे तिचा जमिनीत हक्क होता, आणि तेवढ्यानं तिचं नाव मिळतं. वाटणीच्या कागदात लेकी सासरच्या आडनावानं येतात. जुन्या वसाहतींत चतुःसीमा अशा लिहिलेल्या असतात: पांढऱ्या ओकपासून सुरुवात, उत्तरेकडून ४० अंश पूर्वेला १२० पोल, तिथं अमक्याच्या कोपऱ्यावरच्या दगडांच्या ढिगापर्यंत. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. आम्ही या रेघा कागदावर काढून शेजारची शेतं एकमेकांना लावून बघतो. ओकचं झाड कधीच गेलेलं असतं, पण शेजारी कोण हे उरतं. दोन जॉनपैकी आपला कोणता, हे बहुतेक वेळा शेजारी सांगतात. तेच साक्षीदार, तेच व्याही, आणि गाव सोडलं तरी तेच सोबत. कनेक्टिकट, व्हरमाँट आणि ऱ्होड आयलंडमध्ये हे दस्त काउंटीत नाही, गावच्या दप्तरात असतात. हे माहीत नसल्यानं लोक काउंटीचं दप्तर चाळून "काहीच नाही" म्हणून परत येतात.

१८५० ते १८८० च्या जनगणनांना शेतीचा वेगळा तक्ताही आहे. कसलेली जमीन किती एकर, दुभत्या गायी किती, कामाचे बैल किती, मका किती बुशेल, वर्षाचं लोणी किती पौंड. अहवालात आम्ही हे पान मोफत जोडतो. वंशावळीपेक्षा याच पानावर जेवणाच्या टेबलावर जास्त बोलणं होतं, असं बरेच जण कळवतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. घराणं व्हर्जिनिया किंवा कॅरोलायनांतलं असेल तर मालमत्तेच्या यादीत बैल, नांगर आणि पिसांच्या गादीच्या रांगेत गुलाम माणसांचीही नावं आणि किमती निघू शकतात. ते पान आम्ही गाळत नाही, गाळा म्हटलं तरी नाही. त्या माणसांचे वंशज आज पूर्वज शोधताना याच कागदांवर अवलंबून असतात, कारण १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या तक्त्यांत त्यांचं वय आणि लिंग आहे, नाव जवळजवळ कुठंच नाही.

अहवालात १७३१/३२ असं साल दिसलं की लगेच फोन येतो, "छपाईची चूक आहे." चूक नाही ती. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखांना दोन सालं लावतात. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्माची जुनी तारीखही ११ फेब्रुवारी १७३१/३२ अशीच लिहितात.

आता पैशांचं. आम्ही तासावर आकारतो, पिढ्यांवर नाही. पिढ्यांवर आकारलं की पिढ्या वाढतात. "हा माणूस आपला नव्हे" हे ठरवण्यातच निम्मे तास जातात आणि ते तासही बिलात येतात. त्याबदल्यात वगळलेले जॉन आणि वगळण्याची कारणं अहवालात लिहून मिळतात, म्हणजे उद्या कुणी चुलतभाऊ तयार झाड घेऊन आला तर तुमच्याकडे उत्तर असेल. आजपासून मागे १८५० पर्यंतचा टप्पा तुम्ही स्वतः करू शकता. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर खातं मोफत आहे. जरूर करा, तेवढे पैसे वाचतील. आमची गरज खरी लागते ती त्याच्या मागे. सुनेला डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनचं (अमेरिकन क्रांतीला हातभार लावलेल्यांच्या वंशज स्त्रियांची संस्था) सभासदत्व हवं असेल तर आधीच सांगा. त्यांना प्रत्येक पिढीचा पुरावा लागतो, तो त्यांच्या पद्धतीनं मांडावा लागतो, आणि मागाहून मांडायचं म्हणजे दुप्पट काम.

काम देताना तयार झाड पाठवू नका. पाठवायचंच असेल तर वेगळ्या पाकिटात पाठवा, आम्ही ते शेवटी उघडतो. आधी हवेत व्याह्यांकडच्या आजी-आजोबांचे मृत्यूचे दाखले, कारण त्यात बहुधा आईचं माहेरचं आडनाव मिळतं. दफनभूमीतल्या दगडांचे फोटो काढाल तर शेजारच्या दगडांसकट काढा.

घरात जुनं बायबल असेल तर जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या पानांसोबत पहिल्या पानाचाही फोटो हवा, ज्यावर छपाईचं साल असतं. बायबल १८३५ चं आणि पहिली नोंद १७८० ची असेल, तर ती पुढं कुणीतरी आठवून किंवा दुसरीकडून उतरवून घेतलेली असते, आणि आम्ही तिला तेवढंच वजन देतो. नोंदींची पानं कापलेली दिसली तर तेही कळवा. क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या विधवा पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा म्हणून अशी पानं वॉशिंग्टनला पाठवत, आणि त्यातली कित्येक आजही पेन्शनच्या फायलींत आहेत. मूळ बायबल मात्र पोस्टानं पाठवू नका. फोटो पुरे आहेत.