मनगट हलतं, स्प्रिंग भरते: जपानी ऑटोमॅटिक घड्याळातला वाय आकाराचा खटका

ऑटोमॅटिक घड्याळ नाडीच्या ठोक्यांवर चालतं, असं ठामपणे सांगणारी माणसं आजही भेटतात. कोणी म्हणतं, अंगातल्या उष्णतेवर चालतं. घड्याळ काढून ठेवलं की दीड-दोन दिवसांत बंद पडतं आणि हातात घालून जरा वावरलं की पुन्हा सुरू होतं, त्यामुळे हा समज पक्का होत जातो. पण नाडी आणि अंगातली ऊब तर झोपेतही असतेच. तरी घड्याळ घालून रात्रभर गाढ झोपलात, तर सकाळपर्यंत त्यात फारशी किल्ली भरलेली नसते. किल्ली भरते ती हात हलल्यामुळे.

हात हलल्यावर किल्ली नेमकी कशी भरते, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत सुबक उत्तर जपानच्या नागानो प्रांतात, सुवा सरोवराकाठच्या कारखान्यात मिळालं. सिको प्रेसाज किंवा ओरिएंट बाम्बिनोसारख्या पुरुषांच्या ड्रेस वॉचवर, म्हणजे औपचारिक कपड्यांवर घालायच्या घड्याळांवर, लोक भाळतात ते तबकडी पाहून. तबकडी देखणी असतेच. पण या घड्याळांवर माझा जीव जडला तो त्यांच्या पोटातल्या एका छोट्या पोलादी तुकड्यामुळे.

आधी थोडी उजळणी. यांत्रिक घड्याळात एका चपट्या डबीत पोलादी पट्टीची गुंडाळी असते. ती मुख्य स्प्रिंग. गुंडाळी घट्ट केली, म्हणजेच किल्ली दिली, की ती सुटी होण्याच्या प्रयत्नात डबी फिरवते, डबी पुढची चाकं फिरवते आणि शेवटी ही ताकद बॅलन्स व्हीलपर्यंत पोचते. बॅलन्स व्हील मागेपुढे झुलत चाकांना एकेक दाता पुढे सोडतं. प्रेसाजच्या अनेक मॉडेलांत असणाऱ्या ४आर३५ या यंत्रात असे तासाला २१,६०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला सहा. पूर्ण किल्ली भरलेली असेल तर हे यंत्र सुमारे ४१ तास चालतं. मनगटी घड्याळाच्या स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा एक जूलसुद्धा नसते. शंभर ग्रॅमचं वजन मीटरभर उचलायला एक जूल लागतो. त्याहून कमी ऊर्जेवर काटे दीड दिवसाहून जास्त वेळ फिरतात.

ऑटोमॅटिक घड्याळात याच्या जोडीला एक रोटर असतो. अर्धवर्तुळाच्या आकाराचा, कडेला जड आणि मध्यावर मोकळा फिरणारा. मागचं झाकण काचेचं असेल तर तो सहज दिसतो. हात कलला की त्याची जड बाजू गुरुत्वाकर्षणामुळे खाली येते. आता अडचण अशी, की रोटर कधी डावीकडे फिरतो, कधी उजवीकडे. स्प्रिंग मात्र एकाच दिशेने गुंडाळावी लागते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे एका दिशेची हालचाल सोडून देणं. सायकलच्या मागच्या चाकातलं फ्रीव्हील हेच करतं: पॅडल पुढे मारलं तर चाक फिरतं, उलटं मारलं तर नुसती टकटक होते. सिटिझनच्या मियोटा ८२१५ या खूप खपलेल्या यंत्रात रोटर एकाच दिशेने किल्ली भरतो, दुसऱ्या दिशेने तो मोकळा गरगरतो. अनेक स्विस यंत्रांत दिशा बदलणारी खास चाकं असतात आणि त्यांच्या पोटात इवलेसे खटके असतात. ती दोन्ही दिशांची हालचाल वापरतात, पण त्यांना वंगण अगदी मोजून द्यावं लागतं. कमी पडलं किंवा जास्त झालं तर किल्ली नीट भरत नाही.

सिकोच्या समूहातल्या सुवा सेइकोशा या कंपनीने १९५९ साली ‘जायरो मार्व्हल’ या घड्याळात वेगळी वाट धरली. तिचं नाव ‘मॅजिक लिव्हर’. रोटरच्या मध्याशी एक छोटं दातेरी चाक असतं. ते शेजारच्या मोठ्या चाकाला फिरवतं. या मोठ्या चाकावर मध्यापासून किंचित बाजूला एक खुंटी असते आणि त्या खुंटीवर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा लिव्हर बसवलेला असतो. वायचे दोन पाय एका तिसऱ्या चाकाला दोन बाजूंनी धरून असतात. या तिसऱ्या चाकाचे दाते करवतीसारखे एका बाजूला झुकलेले आहेत.

मोठं चाक फिरलं की खुंटीबरोबर लिव्हर पुढेमागे सरकतो. मागे सरकताना एका पायाचं आकडीसारखं टोक करवती दात्यात अडकतं आणि चाकाला ओढतं. त्या वेळी दुसरा पाय दात्यांवरून नुसता घसरतो. पुढे सरकताना उलट होतं: दुसरा पाय दात्याला ढकलतो आणि पहिला घसरतो. दोन्ही पाय चाकाच्या समोरासमोरच्या बाजूंना असल्यामुळे एकाचं ओढणं आणि दुसऱ्याचं ढकलणं चाकाला एकाच दिशेने फिरवतं. तिथून पुढे फिरणं थेट स्प्रिंगच्या डबीवरच्या चाकाकडे जातं. पाय स्वतःच लवचीक असल्यामुळे त्यांना दात्यांवर दाबून ठेवायला वेगळी स्प्रिंगही लागत नाही.

रोटर उलटा फिरला तर? इथे दहावीची त्रिकोणमिती कामी येते. खुंटी मध्यापासून e अंतरावर असेल आणि चाक θ कोनातून फिरलं असेल, तर लिव्हरचं सरकणं साधारण e cos θ इतकं असतं. चाक उलट फिरलं म्हणजे θ च्या जागी −θ आला. पण cos(−θ) आणि cos θ यांची किंमत एकच. रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतोय की उलट, हे लिव्हरला कळतच नाही. त्याच्यापर्यंत फक्त पुढेमागे होणं पोचतं. दिशा ओळखून ती बदलणारी यंत्रणा बसवण्याऐवजी या लोकांनी भूमितीतून दिशाच गाळून टाकली. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी हातातलं काम सोडून कागदावर वर्तुळं काढत बसलो होतो.

हेच समीकरण या रचनेची मर्यादाही सांगतं. लिव्हरचा वेग sin θ वर अवलंबून असतो. θ शून्य किंवा १८० अंशांच्या आसपास असताना sin θ जवळजवळ शून्य, म्हणजे खुंटी टोकाला पोचलेली असताना रोटर थोडा हलला तरी लिव्हर जवळपास जागच्या जागी राहतो. शिवाय हालचाल उलटली की दुसऱ्या पायाला पुढचा दाता पकडेपर्यंत थोडं अंतर रिकामं जातं. त्यामुळे अगदी बारीक हालचालींचा काही भाग वाया जातो. पण दाते बारीक ठेवले की ते अंतर घटतं, आणि दिवसभर टंकलेखन करणाऱ्या, चहाचा कप उचलणाऱ्या, फायली चाळणाऱ्या माणसाच्या मनगटातूनही पुरेशी किल्ली जमते.

खटक्यांनी दोन्ही बाजूंनी चाक ओढण्याची कल्पना पूर्णपणे नवी नव्हती. स्विस आयडब्ल्यूसी कंपनीत अल्बर्ट पेलाटन यांनी दशकभर आधीच तशी रचना केली होती. सुवाच्या लोकांचं श्रेय हे, की त्यांनी ती इतक्या थोड्या भागांत बसवली, की स्वस्त घड्याळातही ती परवडू लागली. सिकोच्या साध्यासुध्या ‘सिको फाइव्ह’मध्ये ती पोचली. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या कोकणातल्या कितीतरी माणसांच्या मनगटावर हे घड्याळ होतं. ओरिएंटच्या यंत्रांत याच धर्तीचा लिव्हर आहे. आणि लाखांच्या घरातल्या ग्रँड सिकोच्या ‘स्प्रिंग ड्राइव्ह’ यंत्रातही किल्ली भरायला हाच मॅजिक लिव्हर आहे. कारकुनाच्या आणि मालकाच्या घड्याळात तोच भाग असावा, हे मला फार आवडतं.

किल्ली जास्त भरून स्प्रिंग तुटेल, ही भीतीही बाळगू नका. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीला पक्कं जोडलेलं नसतं. ते दाबाने टेकलेलं असतं आणि ताण हद्दीबाहेर गेला की भिंतीवरून घसरतं.

ज्युएलच्या आकड्यांना मात्र भुलू नये. तबकडीवर ‘२३ ज्युएल्स’ लिहिलेलं असतं ते कृत्रिम माणकाच्या बेअरिंगविषयी. घर्षण कमी करायला ती लागतात, पण वीस-पंचवीसांत सगळं काम भागतं. १९६० च्या दशकात ज्युएलची चढाओढ लागली आणि खुद्द ओरिएंटने १०० ज्युएलचं घड्याळ काढलं. त्यातली बहुतेक माणकं नुसती आकडा वाढवायला होती. तीच गत वास्तुशास्त्राच्या नावाने पसरलेल्या ‘बंद घड्याळ घरात ठेवू नये’ या समजाची. कपाटात दोन दिवस पडलेलं ऑटोमॅटिक थांबणारच. स्प्रिंगमधली ऊर्जा संपली, इतकाच त्याचा अर्थ आहे. अशुभाच्या धास्तीने घड्याळ सतत फिरवत ठेवणारी विजेची पेटी घ्यायची गरज नाही.

अचूकतेचं म्हणाल, तर ४आर३५ साठी सिको स्वतःच दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे इतकी मुभा सांगते. प्रत्यक्षात ही यंत्रं बहुधा त्याहून बरी चालतात. दिवसाला २० सेकंदांची चूक म्हणजे ४,३२० सेकंदांमागे एक. धातूच्या झुलत्या चाकाकडून ही कामगिरी मला थोर वाटते. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्‌झपुढे मात्र ती टिकत नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी बाजारात आलेलं सिकोचं ‘क्वार्ट्‌झ ॲस्ट्रॉन’ महिन्याला पाच सेकंदांच्या आत होतं, आणि तेही सुवातच घडलं होतं.

तबकडीबद्दल थोडं. प्रेसाजच्या ‘कॉकटेल टाइम’ मालिकेत तबकडीवर मध्यापासून निघणाऱ्या बारीक रेषा ठशाने उठवलेल्या असतात आणि वर चकचकीत लेप असतो. प्रत्येक रेघ प्रकाश वेगळ्या कोनात परतवते, म्हणून मनगट वळलं की उजेडाचा पट्टा तबकडीभर फिरतो. जाडी मात्र बारा मिलिमीटरच्या आसपास जाते, कारण रोटरला वेगळा मजला लागतो. शर्टाची बाही घट्ट असेल तर दुकानात घालून बघूनच घ्या.

घड्याळ थांबलं असेल तर हलवत बसू नका. सिकोच्या जुन्या ७एस२६ यंत्रात हाताने किल्ली देता येत नसे, म्हणून ते हलवावंच लागे. ४आर३५ मध्ये बाजूचं बटण आत दाबलेल्या स्थितीत ठेवून वीस-तीस वेळा फिरवलं की काम होतं. मग वेळ लावा. तारीख मात्र काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान असताना बदलू नका. त्या वेळात तारखेच्या चकतीला चाकांचे दाते भिडलेले असतात, आणि जबरदस्ती केली तर ते मोडतात.