कुत्र्यासाठी कच्चे मांस : पोषण, प्रमाण आणि पथ्य

आमच्याकडून कुत्र्यासाठी कच्चा खिमा नेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला पहिल्या पिशवीसोबत हे पत्रक देण्याचा आमचा प्रघात आहे. पिशवी फ्रीजरमध्ये ठेवण्यापूर्वी ते एकदा वाचून घ्यावे, ही विनंती.

मराठवाड्यातला कुत्रा, मग तो लातूरकडचा पश्मी असो, शेतातल्या आखाड्यावरचा कारवानी असो की दारातला गावठी, पिढ्यानपिढ्या ज्वारीची भाकरी आणि ताक खाऊनच वाढला आहे. कुत्र्याला भाकरी पचत नाही, असे हल्ली ठासून सांगितले जाते. ते खरे नाही. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले आहे. भाकरीची उणीव वेगळी आहे. ज्वारीत शंभर ग्रॅममागे प्रथिने दहा ग्रॅमच्या आसपास असतात आणि त्यांतही लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. याउलट बोनलेस चिकनमध्ये सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणी असूनही शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात, आणि कुत्र्याला अन्नातूनच घ्यावी लागणारी दहाही अमिनो आम्ले त्यांत असतात. शिवाय लोह, जस्त, बी-१२ आणि केसांची चकाकी राखणारी स्निग्धाम्ले मिळतात. मांसाचा बराचसा भाग अंगी लागत असल्याने शी कमी आणि घट्ट होते. हा बदल ग्राहक सर्वांत आधी येऊन सांगतात.

यातला बहुतेक लाभ मांसाचा आहे, कच्चेपणाचा नाही, हे विक्रेते असूनही आम्हाला सांगितलेच पाहिजे. शिजवलेल्या मांसातली प्रथिनेही कुत्र्याला उत्तम पचतात. शिजवताना थायमिनसारखी काही जीवनसत्त्वे घटतात, तर काही पाण्यात उतरतात, पण ते पाणी ओतून न देता खाऊ घातले की तेवढेही परत मिळते. कच्च्या मांसाची खरी सोय आहे ती हाडाची. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. कोंबडीची कच्ची मान मात्र हाडासकट बारीक दळून देता येते.

हाडाचे महत्त्व एवढ्यासाठी की नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम जवळपास नसतेच. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा त्याहून थोडे जास्त असावे लागते. बोनलेस मांसात ते फॉस्फरसच्या पंधराव्या हिश्शाइतकेही भरत नाही. मग शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढू लागते. आमच्या दुकानाच्या पायरीवर एकदा चार महिन्यांचे पिल्लू आणले होते; दोन महिने त्याला कौतुकाने निव्वळ बोनलेस चिकन घातले होते, आणि त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे बाकून पंजे जमिनीवर सपाट पसरले होते. तेव्हापासून एक वर्षाखालील पिल्लासाठी पशुवैद्यकाने प्रमाण लिहून दिल्याशिवाय आम्ही कच्चा खिमा देत नाही.

आमच्या खिम्यात साधारण ऐंशी टक्के मांस, हृदय आणि पेटा, दहा टक्के दळलेले हाड, पाच टक्के कलेजी आणि पाच टक्के गुर्दे असतात. कलेजी आवडते म्हणून वरून वाढवू नये. तिच्यातले अ जीवनसत्त्व साठत जाऊन अपाय करते. हे मिश्रणही परिपूर्ण नाही. त्यात ड आणि ई जीवनसत्त्व, आयोडीन व मँगनीज कमी पडू शकते, म्हणून पूरक औषध पशुवैद्यकाला विचारून द्यावे. परदेशी पाककृतींत गोमांस सुचवलेले असते; महाराष्ट्रात गायींच्या कत्तलीवर आधीपासून आणि २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीवर बंदी असल्याने आम्ही कोंबडी आणि शेळीचेच मांस वापरतो.

प्रौढ कुत्र्याला रोज वजनाच्या दोन ते तीन टक्के, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला चारशे ते सहाशे ग्रॅम, दोन वेळा विभागून द्यावे आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू या आहारावर आणावे. कारवानीच्या बरगड्या दिसतातच; त्या बुजाव्यात म्हणून खाणे वाढवू नये. कच्च्या मांसाने कुत्र्याला रक्ताची चटक लागते, हा समज निराधार आहे.

धोक्याबद्दल मात्र हयगय नको. कच्च्या मांसात साल्मोनेला, ई-कोलाय यांसारखे जिवाणू असू शकतात. फ्रीजरमध्ये ते मरत नाहीत, नुसते थांबतात. कुत्रा ठणठणीत दिसला तरी त्याच्या लाळेतून आणि शीतून ते घरात पसरू शकतात. तान्हे मूल, गर्भवती, वृद्ध किंवा केमोथेरपी घेणारे कोणी घरात असेल, तर कच्चे देऊच नये. खाटकाकडून परस्पर कलेजी किंवा फुप्फुस आणत असाल, तर त्यावर पाण्याने भरलेले पांढरट फोड आहेत का, हे पाहावे. त्या फोडांतून काही मिलिमीटर लांबीचे फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतात, त्यांची अंडी शीवाटे बाहेर पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसात तसेच फोड होतात. असा अवयव कुत्र्याला घालू नये, उकिरड्यावरही टाकू नये, खोल पुरावा. जंताचे औषध पशुवैद्यक सांगेल त्या अंतराने, न चुकता द्यावे.

बर्ड फ्लूच्या काळात आम्ही कोंबडीचा कच्चा खिमा बंद ठेवतो. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात जानेवारी २०२१ मध्ये कोंबड्या आणि उदगिरात जानेवारी २०२५ मध्ये कावळे या रोगाने मेले, हे अनेकांना आठवत असेल.

पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवून वितळवावी, ओट्यावर नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात खाण्याचे भांडे पंधरा-वीस मिनिटांत उचलून गरम पाण्याने व साबणाने धुवावे. वीज बराच वेळ गेली आणि पिशवी मऊ पडून कोमट झाली, तर ती टाकून द्यावी.

ज्यांना हे सांभाळणे जमणार नाही, त्यांच्यासाठी आम्ही बिनहाडाचा खिमा वेगळा ठेवतो. तो थोड्या पाण्यात पूर्ण शिजवावा आणि रश्श्यासकट भाकरी कुस्करून त्यात घालावी. कॅल्शियमसाठी अंड्याचे टरफल उकळून, वाळवून, मैद्यासारखे बारीक करून घालावे. चहाच्या एका सपाट चमच्यात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, पण रोज किती घालायचे ते कुत्र्याच्या वजनावर ठरते. कांदा, लसूण घालू नये. या पिशवीवर हिरवी चिठ्ठी असते, हाडाच्या कच्च्या पिशवीवर लाल. लाल चिठ्ठीची पिशवी कधीही शिजवू नये.